सात वर्षे आणि शंभर कोटी : शिक्षेचे माप ठरते कसे?

जळगाव/धुळे, प्रतिनिधी : जळगावच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहार प्रकरणी धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निकाल दिला आणि ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कारावास व १०० कोटी रुपये दंड, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे कारावास, बांधकामाचा ठेका घेणाऱ्या संस्थेच्या दोघा प्रमुखांना कारावासाबरोबर प्रत्येकी ४० कोटी रुपये दंड, तर इतरांना तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा सुनावण्यात आल्या. पुढे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जैन यांना अपिलाच्या काळात नियमित जामीन दिला.

या दोन तारखांच्या दरम्यान सामान्य वाचकाला पडणारे प्रश्न साधे आहेत. सातच वर्षे का, दहा का नाहीत? १०० कोटींचा आकडा आला कोठून? जामीन मिळाला म्हणजे शिक्षा संपली काय? आणि ज्यांच्या नावाने ही घरे बांधली जाणार होती, त्यांच्या वाट्याला या सर्वातून काय येते? उत्तरे कायद्याच्या पुस्तकांत आहेत, पण ती एका ठिकाणी नाहीत. फौजदारी खटल्यात शिक्षा किती द्यावी याची एकसंध नियमावली आपल्याकडे नाही, हेच त्याचे मुख्य कारण होय.

प्रकरणाची पार्श्वभूमी

झोपडपट्टीवासीय व गरीब कुटुंबांसाठी ११,४२४ घरकुले बांधण्याची ही योजना १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेण्यात आली. तेव्हा जळगावात नगरपालिका होती. महापालिका २००३ साली अस्तित्वात आली. योजनेसाठी हुडकोकडून कर्ज घेण्यात आले. प्रत्यक्षात सुमारे दीड हजार घरेच पूर्ण झाली. ठेकेदाराला नियम डावलून सुमारे २९ कोटी रुपये आगाऊ देण्यात आले, असा प्रमुख आक्षेप होता. तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी ३ फेब्रुवारी २००६ रोजी पोलिसांत फिर्याद दिली. तपास बराच काळ रेंगाळला. मार्च २०१२ मध्ये जैन यांना अटक झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. म्हणजे दोषी ठरण्यापूर्वीच सुमारे साडेचार वर्षे त्यांनी कोठडीत काढली होती. ही साडेचार वर्षे पुढच्या हिशेबात महत्त्वाची ठरतात.

कमाल आहे, माप नाही

लोकसेवकाने केलेला फौजदारी विश्वासघात हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ खालील गुन्हा. त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास, शिवाय दंड. फसवणुकीच्या कलम ४२० खाली सात वर्षांपर्यंत कारावास. ‘पर्यंत’ हा शब्द येथे ध्यानात घ्यावा. कायदा वरची रेघ आखून देतो. खाली बहुतेक वेळा काहीच नसते. कलम ४०९ खाली दोषी ठरलेल्याला एक दिवसाची कैदही देता येते आणि जन्मठेपही. अपहाराची रक्कम किती असली म्हणजे किती वर्षे, आरोपीचे पद कोणते असले म्हणजे किती वाढ, रक्कम परत केली तर किती सूट, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कलमात नाही.

खुनाच्या बाबतीत स्थिती उलट आहे. तेथे कलम ३०२ खाली न्यायाधीशापुढे जन्मठेप आणि फाशी हे दोनच पर्याय. म्हणूनच शिक्षेसंबंधी आपल्याकडे जो न्यायविचार विकसित झाला, तो जवळजवळ सगळा फाशीभोवती फिरतो. बचनसिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी दिली; गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करा, शिक्षा वाढवणाऱ्या आणि सौम्य करणाऱ्या अशा दोन्ही बाबी मांडा, असे सांगितले. फाशीची प्रकरणे मोजकी, तर कारावासाची हजारो. परंतु तीन वर्षे द्यावीत की सात, या रोजच्या प्रश्नावर मार्गदर्शन अगदी तुटपुंजे आहे, ही विसंगती कायद्याच्या अभ्यासकांना जितकी जाणवते तितकी ती सार्वजनिक चर्चेत उमटत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा हा त्यातल्या त्यात अपवाद, कारण त्यात किमान शिक्षाही नमूद आहे. लोकसेवकाच्या गैरवर्तनासाठी पूर्वी एक ते सात वर्षे अशी मर्यादा होती. २०१४ पासून ती चार ते दहा वर्षे झाली. मात्र घटनेच्या कलम २० प्रमाणे गुन्हा घडला त्या वेळी जी शिक्षा होती, त्याहून अधिक देता येत नाही. १९९०च्या दशकातील व्यवहाराला २०१४ नंतरची वाढीव मर्यादा लावता येणार नव्हती, मग निकाल २०१९ चा का असेना.

एकाच आरोपीवर अनेक कलमांखाली दोष सिद्ध झाला, तर शिक्षा एकत्र भोगायच्या की एकीमागून एक, हाही निर्णय न्यायालयाचाच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ नुसार न्यायालयाने वेगळे सांगितले नाही तर त्या एकीमागून एक भोगाव्या लागतात. व्यवहारात बहुधा ‘एकत्र’ असा आदेश होतो. निकालपत्राच्या शेवटी येणाऱ्या या एका वाक्याने कैद्याची कित्येक वर्षे कमी-अधिक होतात.

शिक्षेवरचा युक्तिवाद

दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकले पाहिजे, असा नियम कलम २३५ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. १९७३ च्या संहितेने तो आणला. हेतू असा की, खटल्यात ‘मी गुन्हा केलाच नाही’ असे सांगणाऱ्याला त्याच वेळी ‘केला असला तरी माझी परिस्थिती अशी आहे’ असे सांगता येत नाही. त्यासाठी त्याला दुसरी संधी हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली बिहारमधील एका खटल्यात म्हटले होते की, दोषसिद्धीनंतर सुनावणी सर्वसाधारणपणे पुढे ढकलावी आणि दोन्ही बाजूंना तयारीला वेळ द्यावा. प्रत्यक्षात अनेक न्यायालयांत दोषसिद्धी आणि शिक्षा एकाच दिवशी उरकतात. घरकुल खटल्यातही दोन्ही एकाच दिवशी झाले. तसे करणे बेकायदा नव्हे. परंतु ४८ जणांच्या वैयक्तिक परिस्थितीचा स्वतंत्र विचार एका दिवसात किती खोलवर होऊ शकतो, हा प्रश्न उरतोच. फाशीच्या खटल्यांपुरता हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये घटनापीठाकडे सोपवला.

आर्थिक गुन्ह्यांत न्यायालये कडक भूमिका घेतात, तीही जुन्या परंपरेतून. भावनेच्या भरात केलेला गुन्हा आणि थंड डोक्याने, हिशेब मांडून केलेला आर्थिक गुन्हा यांत सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली फरक केला आणि दुसऱ्या प्रकाराने साऱ्या समाजाचे नुकसान होते, असे मत नोंदवले. याउलट लोकक्षोभ हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही, हेही न्यायालयांनी बजावले आहे. शक्ती मिल बलात्कार खटल्यात तिघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द करून जन्मठेप दिली, तेव्हा न्यायमूर्ती साधना जाधव व न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने नेमके हेच सांगितले. गुन्हा वेगळ्या स्वरूपाचा, पण तत्त्व जळगावसारख्या राजकीय रंग चढलेल्या खटल्यालाही लागू पडते. आरोपी मोठा आहे म्हणून शिक्षा वाढत नाही. पदामुळे मिळालेल्या विश्वासाचा त्याने भंग केला असेल तर वाढते. या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात, पण निकालपत्रात त्यांची कारणे वेगळी लिहावी लागतात.

दंडाचा आकडा

कारावासाला निदान कमाल मर्यादा तरी आहे. दंडाला तीही नाही. दंड संहितेच्या कलम ६३ मध्ये म्हटले आहे की, जेथे रक्कम सांगितलेली नाही तेथे दंडाला मर्यादा नाही, मात्र तो अवाजवी नसावा. एवढेच. ‘अवाजवी’ म्हणजे किती, हे प्रत्येक न्यायालयाने आपापले ठरवायचे. जुन्या निवाड्यांत सावधगिरीचा सूर आहे. तामिळनाडूतील एका खून खटल्यात जन्मठेपेबरोबर २० हजार रुपये दंड झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो तीन हजारांवर आणला आणि दीर्घ कारावासाच्या जोडीला जबर दंड एरवी नसावा, असा अभिप्राय दिला. तो आकडा आणि १०० कोटी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. गुन्ह्याचे स्वरूपच वेगळे. तथापि सुमारे २९ कोटींच्या व्यवहारात एकट्या एका आरोपीला १०० कोटी दंड, हे प्रमाण ‘अवाजवी’ या शब्दाच्या कसोटीवर तपासले जाणे अपरिहार्य आहे. कालांतराने पैशाचे मूल्य किती घटले, व्याज किती झाले, आरोपीची ऐपत काय, हे त्या तपासणीतले स्वाभाविक मुद्दे.

दंड भरला नाही तर? त्यासाठी जादा कैद. तिची मर्यादा कलम ६५ मध्ये आहे : मूळ गुन्ह्याच्या कमाल कारावासाच्या एक चतुर्थांश. सात वर्षे कमाल असलेल्या फसवणुकीच्या गुन्ह्यात ही मर्यादा पावणेदोन वर्षे येते. गंमत अशी की, थकलेला दंड एक लाखाचा असो की १०० कोटींचा, ही मर्यादा बदलत नाही. मात्र ही कैद मूळ शिक्षेबरोबर एकत्र भोगता येत नाही, ती वेगळीच भोगावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका खटल्यात २०१८ साली स्पष्ट केले. जादा कैद भोगल्याने दंड माफ होतो, हा समजही पूर्ण खरा नाही. मालमत्ता जप्त करून वसुली करता येते. परंतु जादा कैद पूर्ण भोगून झाली असेल तर वसुलीचे वॉरंट काढण्यासाठी न्यायालयाला विशेष कारणे लिहावी लागतात.

उच्च न्यायालय काय करते?

सत्र किंवा विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील उच्च न्यायालयात जाते. आरोपी दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्हींना आव्हान देऊ शकतो. शिक्षा कमी वाटली तर राज्य सरकार कलम ३७७ खाली वाढीसाठी अपील करू शकते. गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तीला मात्र केवळ शिक्षा वाढवून मागण्यासाठी अपील करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे.

अपिलाची अंतिम सुनावणी लांबणार असेल तर तोवर शिक्षेची अंमलबजावणी थांबवून आरोपीला जामिनावर सोडण्याचा अधिकार कलम ३८९ मध्ये आहे. यामागचा विचार काश्मिरा सिंग खटल्यात १९७७ साली मांडला गेला. अपील पाच-सहा वर्षे ऐकलेच गेले नाही आणि शेवटी माणूस निर्दोष ठरला, तर तुरुंगात गेलेली वर्षे त्याला कोण परत देणार? ठरावीक मुदतीच्या शिक्षेत अपील लवकर ऐकणे शक्य नसेल तर शिक्षा स्थगित करण्याकडे कल असावा, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले.

घरकुल प्रकरणाला हे गणित लावून पाहू. सात वर्षे म्हणजे ८४ महिने. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस कलम ४२८ प्रमाणे शिक्षेतून वजा होतात. मार्च २०१२ ते सप्टेंबर २०१६ हे सुमारे ५४ महिने. निकालानंतरचे काही आठवडे त्यात मिळवावेत. २०१९ मध्येच उच्च न्यायालयाने जैन यांना प्रकृतीच्या कारणावरून तात्पुरता जामीन दिला होता. म्हणजे नियमित जामिनाचा प्रश्न आला तेव्हा शिक्षेचा निम्म्याहून बराच अधिक भाग कागदोपत्री भोगून झाला होता. ‘निकालानंतर काही महिन्यांत बाहेर’ असे जे चित्र बाहेरून दिसते, ते या वजाबाकीशिवाय समजत नाही. त्याच वेळी हेही खरे की, शिक्षेचा मोठा भाग निकालाआधीच भोगून व्हावा, ही काही व्यवस्थेच्या प्रकृतीची चांगली खूण नव्हे. राज्यातील तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याची वाट पाहणारे, वकिलाची फी परवडत नसलेले कच्चे कैदी याच वजाबाकीच्या दुसऱ्या टोकाला उभे आहेत.

जामीन म्हणजे सुटका नव्हे. शिक्षेला स्थगिती मिळाली तरी दोषसिद्धी कायम राहते. अपील फेटाळले गेले तर उर्वरित शिक्षा भोगण्यास परत जावे लागते आणि जामिनावर बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरला जात नाही. राजकारण्यांच्या बाबतीत हा फरक अधिक टोकदार होतो. दोन वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा झालेल्या खासदार-आमदारांची जागा तत्काळ जाते, असे २०१३ च्या लिली थॉमस निवाड्याने ठरवले. केवळ शिक्षेला स्थगिती मिळून ही अपात्रता टळत नाही. त्यासाठी दोषसिद्धीलाच स्थगिती मिळवावी लागते आणि ती न्यायालये अपवादानेच देतात.

घरकुलांचे काय?

दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. त्यातून नुकसान झालेल्याला भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला कलम ३५७ ने दिला आहे. प्रत्येक खटल्यात भरपाईचा विचार झालाच पाहिजे आणि ती का दिली वा नाकारली याची कारणे लिहिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातील अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात बजावले. तरतूद चांगली, पण अशा प्रकरणात ती अडखळते. कायद्याच्या दृष्टीने नुकसान झाले ते पालिकेचे, कारण पैसा तिचा. घराची वाट पाहणारी कुटुंबे फिर्यादीत नाहीत आणि आरोपपत्रातही नाहीत. त्यांचे जे गेले ते हाती कधी आलेलेच नव्हते, आणि हाती न आलेल्या घराची किंमत दंड संहितेत लावता येत नाही. शिवाय भरपाईचा आदेश झाला तरी अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती देता येत नाही, असे त्याच कलमात लिहिलेले आहे. दरम्यान विविध योजनांसाठी घेतलेल्या हुडकोच्या कर्जाचा बोजा जळगाव महापालिकेने, म्हणजे पर्यायाने करदात्या नागरिकांनी, वर्षानुवर्षे वाहिला.

इतर देशांत

शिक्षेचे माप लिहून काढता येते काय? इंग्लंड व वेल्समध्ये २०१० पासून यासाठी स्वतंत्र परिषद आहे. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी तिने तक्ताच केला आहे : एका बाजूला नुकसानीची रक्कम, दुसऱ्या बाजूला दोषाची तीव्रता. रक्कम पाच लाख पौंडांहून अधिक आणि अधिकारपदाचा वा विश्वासाचा गैरवापर असेल, तर आरंभबिंदू सात वर्षे, कक्षा पाच ते आठ वर्षे. धुळ्याच्या निकालातला आकडाही सातच, हा योगायोग. फरक इतकाच की, तेथे सातचा आकडा कोठून आला हे आरोपीला, फिर्यादीला आणि वृत्तपत्र वाचणाऱ्यालाही आधीच ठाऊक असते. अमेरिकेने १९८७ पासून संघीय न्यायालयांसाठी गुन्ह्याच्या ४३ पातळ्या आणि पूर्वेतिहासाचे सहा वर्ग असा कोष्टकच अमलात आणला. तो इतका ताठर ठरला की, २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला केवळ मार्गदर्शक दर्जा ठेवला.

भारतात न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ साली शिक्षेसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी वैधानिक समिती असावी, अशी शिफारस केली. माधव मेनन समितीनेही तेच सुचवले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ आणि २०१३ च्या निवाड्यांत अशा तत्त्वांच्या अभावाकडे बोट दाखवले. मे २०२४ मध्ये बिहारमधील एका खटल्यात न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश व न्यायमूर्ती एस. व्ही. एन. भट्टी यांच्या पीठाने, शिक्षा न्यायाधीशाच्या व्यक्तिगत धारणेवर अवलंबून राहू नये, असे म्हणत केंद्र सरकारला सर्वंकष धोरणाचा विचार करण्यास सांगितले.

त्यानंतर दीड महिन्यातच, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. छोट्या गुन्ह्यांसाठी समाजसेवा हा शिक्षेचा नवा प्रकार आला, हा खरा बदल. लोकसेवकाच्या विश्वासघाताचे कलम ४०९ आता ३१६ (५) झाले. शिक्षा तीच, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. शिक्षेवरील सुनावणीचे कलम २३५ आता २५८, शिक्षा स्थगितीचे ३८९ आता ४३०, कोठडीच्या वजाबाकीचे ४२८ आता ४६८. दंड ‘अवाजवी नसावा’ हे वाक्यही नव्या संहितेच्या कलम ८ मध्ये तसेच उतरले आहे. घरकुल प्रकरणासारख्या त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांची शिक्षा मात्र जुन्या दंड संहितेनुसारच ठरेल.